दोनशे सात नंबरवरची बारा पुस्तकं

"दोनशे सात हजर."

वाचनालयाच्या दारात चपला काढता काढता पिंजारी सर असं म्हणायचे. नाव नाही, नमस्कार नाही, थेट सभासद क्रमांक. पस्तीस वर्षं पोरांची हजेरी घेतलेल्या माणसाला निवृत्तीनंतर स्वतःची हजेरी द्यायची हौस लागली होती. आणि आवाज कसा, तर पिंजलेल्या कापसासारखा. हलका, पण बघता बघता सगळ्या खोलीभर झालेला. तो कानावर आला की मी मान वर न करता दोनशे सातचं कार्ड काढून ठेवायची. डोळ्यांना विचारावं लागत नसे, बोटांना तो आकडा पाठ होता.

त्या बोटांनीच पुढे घात केला.

गाव आमचं तापीच्या अलीकडचं, तालुक्याचं. वाचनालय 'ब' वर्गाचं. मी सव्वीस वर्षांची, कुमुदिनी नेरकर, तात्पुरती ग्रंथपाल. जूनमध्ये कायम करू, असं अध्यक्ष भास्करशेठ शिरोडे सलग तीन वर्षं सांगत होते. शेठचं किराण्याचं दुकान होतं. पुस्तकांविषयी त्यांचं मत एवढंच, की ती ओली होऊ देऊ नयेत.

मुंबईवर हल्ला झाला त्या हिवाळ्यात शेठना एकाएकी ज्ञानाची तहान लागली. पिंजारी सर रहस्यकथा बदलायला आले, तर शेठनी त्यांना खुर्ची दिली. मी तेव्हाच ओळखलं, काहीतरी मागणार.

"सर, बारा पुस्तकांची यादी करून द्या. हा दहशतवाद समजून घ्यायला. तुम्हाला त्यातलं आमच्यापेक्षा जास्त कळणार."

"का बरं?"

"म्हणजे... तुमच्यातलेच ना ते."

"शेठ, मी भूगोलाचा मास्तर. माझ्यातले म्हणजे वारे, नद्या आणि पठारं."

"तसं नव्हे हो सर."

"परवा जळगावात एका किराणावाल्याला जिऱ्यातल्या भेसळीवरून धरलं. भेसळ समजून घ्यायची तर यादी मी तुमच्याकडे मागू का?"

शेठ हसले. शेठना अपमान उशिरा पोचत असे, बहुधा दुसऱ्या दिवशी दुकान बंद करताना.

मग यादी शेठच्या पुण्यातल्या भाच्याने कुठूनतरी उतरवून पाठवली आणि जानेवारीत पुस्तकांचं खोकं आलं. मी ते उघडलं. चार पुस्तकांवर बंदूक होती, चारांवर दाढी, आणि उरलेल्या चारांवर दोन्ही. शेठनी एकेक हातात तोलून पाहिलं.

"कशी वाटतात, बाई?"

"जाड आहेत."

"मग चांगली असणार."

दर्शनी कपाटात ती बारा मांडली, वर पाटी लावली: 'जग समजून घेऊ. अध्यक्षांची शिफारस.' गाव येऊन पाटी वाचून जाई. पुस्तक कोणी घरी नेईना. देशपांडेवहिनींनी एक चाळलं आणि म्हणाल्या, "बाई, हे उशाशी ठेवून झोपू कशी गं मी? त्यापेक्षा उन्हाळी वाळवणांचं असेल तर दे."

मार्चात जिल्ह्याहून तपासणी येणार होती. नवी पुस्तकं लोकांच्या घरी गेल्याची नोंद दिसली नाही, तर 'ब'चा 'क' होतो आणि अनुदान घटतं. शेठ म्हणाले, "कपाटातली बारा चालती दाखवा." चालती दाखवणं म्हणजे काय, हे आमच्या धंद्यात कोणी कोणाला शिकवत नाही. सुनेला सासूचा मूड कळतो तसं ते आपोआप कळतं. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीला कार्ड असतं, त्यावर नेणाऱ्याचा क्रमांक आणि तारीख घालायची, तीच नोंद देवघेवीच्या वहीत चढवायची. ज्याची तक्रार येणार नाही अशा सभासदाचा क्रमांक घ्यायचा. मी याला खोटं म्हणत नसे. लग्नघरी दारात रांगोळी काढतात, तशी ही वहीतली रांगोळी.

तर एका दुपारी बसले आणि बाराच्या बारा कार्डांवर दोनशे सात घातला. वेगवेगळे क्रमांक घालायचं डोक्यात होतं, पण बोटं थांबली नाहीत. तारखा मागच्या घातल्या, आठवड्याला दोन पुस्तकं या हिशेबाने. तपासणीला आलेले साहेब वहीवर बोट ठेवून म्हणाले, "हा दोनशे सात कोण? असे गंभीर वाचक आहेत म्हणून वाचनालयं टिकली." मला हसू आवरेना म्हणून मी पाणी आणायला गेले.

एप्रिलच्या शेवटी हवालदार बाविस्कर आले. डोक्यावर ओला रुमाल, हातात फाइल.

"ताई, थंड पाणी आहे का? पासपोर्टच्या चौकशीला निघालोय. पिंजारी सरांचा आहे."

मला ठाऊक होतं. सरांची एकुलती मुलगी नाहिद मस्कतला दिली होती. तिला जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिलेली, पहिलं बाळंतपण. आई तिच्या लहानपणीच गेलेली. ती फोनवर म्हणे, "अब्बा, तुम्ही नुसते बाहेर बाकावर बसा, मला पुरे." सरांनी त्यासाठी जन्मात पहिल्यांदा पासपोर्ट मागितला होता. रोज वाचनालयातल्या भिंतीवरच्या नकाशात ते मुंबईहून मस्कतपर्यंत बोट फिरवत आणि म्हणत, "बघा, वीतभर पाणी. पण पोलिसांची सही लागते."

"चांगले आहेत ना?" बाविस्करांनी विचारलं.

"सोन्यासारखे."

"तेच लिहितो. रोज येतात? काय वाचतात?"

"रहस्यकथा," मी म्हणाले.

तेवढ्यावर उठले असते. पण पंख्याखालची जागा होती, पाणी गार होतं, बाहेर रस्ता भाजत होता. ते बसले आणि चाळा म्हणून समोरची देवघेवीची वही उघडली. एक पान, दुसरं पान. मग बोट थांबलं. मग बोट खाली सरकत गेलं.

"ताई, ही माणसं मारणाऱ्यांची पुस्तकं कुठल्या कपाटातली?"

मी बोटाने दाखवलं.

"ही सगळी एकट्या सरांनी नेली? दोन महिन्यांत? बारा?"

माझ्या घशाशी वाक्य आलं. सात शब्दांचं होतं, मी आजही मोजू शकते. पण त्या सात शब्दांच्या पलीकडे जून उभा होता, शेठ उभे होते, आणि घरी माझी आई, जिला मी कायम झाल्यावर चारधामला न्यायचं कबूल केलं होतं. मी वाक्य गिळलं. वर पाणी प्याले.

"मी ही वही बघितलीच नसती तर बरं झालं असतं," बाविस्कर खरंच वाईट वाटून म्हणाले. "पण आता बघितली ना. साहेबांना दाखवायला लागेल. उद्या काही झालं तर म्हणतील, बाविस्कर, तू पंख्याखाली बसून काय करत होतास."

वही काखेत मारून ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना ठाण्यावर बोलावणं गेलं. मी दिवसभर दाराकडे पाहत होते. येतील, विचारतील, आणि विचारलं की सांगू, असं ठरवून बसले. माणूस स्वतःहून बोलायला भित्रा असला की दुसऱ्याच्या प्रश्नाची अशी वाट बघतो.

साडेचारला आवाज आला. "दोनशे सात हजर."

"सर..."

"बाई, ती बारा पुस्तकं द्या."

"कुठली?"

"जी मी वाचली आहेत."

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्गात येतात तसे मास्तर उभे.

"फौजदार रणदिव्यांनी सोमवारी बोलावलंय. म्हणाले, वाचलीत म्हणता, तर काय वाचलंत ते सांगा, मग मी शेरा लिहितो. मी म्हणालो, अवश्य. आज बुधवार. जन्मभर पोरांच्या परीक्षा घेतल्या, बाई. पोरांचे शाप फळाला येतात म्हणतात ते असे."

"तुम्ही हो का म्हणालात?"

"वहीत होतं ना. छापील रकान्यात लिहिलेलं खोटं असेल असं कसं म्हणणार? चष्मा पुसायला फडकं द्या."

मी फडकं दिलं. ते सहा जाड पुस्तकं घेऊन टेबलाशी बसले. उरलेली सहा मी घेतली. तेवढीच माझी माफी, आणि तीही मुकी.

त्या चार दिवसांत आम्ही दोघांनी जगातल्या सगळ्या गुहा आणि डोंगर पालथे घातले. सर वाचताना बोलायचे. "या लेखकाला दाढीची फार काळजी. प्रत्येक माणसाच्या दाढीचं माप दिलंय, गुन्ह्याचं एकाच्याही नाही." मग थोड्या वेळाने, "बाई, या पाचव्या पुस्तकातला नकाशा कोणी काढला? नदी डोंगर चढतेय." आणि खिशातून पेन्सिल काढून त्यांनी नदी खाली उतरवली.

पण नावं, सालं, संघटना डोक्यात राहीनात. एकीतून दुसरी फुटायची, दुसरीतून तिसरी, आणि तिघी एकमेकींना काफर म्हणायच्या. "आमच्या जमातीच्या विश्वस्त मंडळासारखंच आहे," सर म्हणाले. "फक्त यांच्याकडे बंदुका आहेत."

"सर, ओवी करू का? माझी आई असंच लक्षात ठेवायची. गावातली सगळी कुळं तिला ओव्यांत पाठ."

"करा. पाढे तरी दुसरं काय असतात."

मग मी एकेका पुस्तकाची ओवी बांधली आणि सर ती मान हलवत पाठ करू लागले. वर्तमानपत्र वाचायला आलेली माणसं चष्म्यावरून बघत.

*पहिल्या पुस्तकात बाई, डोंगरातली गुहा,*
*परक्या पाहुण्यांनी बंदुका वाटल्या पहा.*

*चौथ्या पुस्तकात बाई, परदेशातला लेक,*
*गल्लीमध्ये सोबतीला माणूस नाही एक.*

शनिवारी दुपारी ते नववं पुस्तक वाचत होते. बारांत ते सगळ्यात बारीक. शेठच्या मापाने ते पुस्तकात धरताच आलं नसतं. घर सोडून गेलेल्या पोरांच्या आयांना कोणीतरी गावोगाव जाऊन भेटलं होतं, आणि त्या आया बोलल्या तसं लिहून काढलं होतं. शेवटचं पान मिटून त्यांनी चष्मा काढला.

"बाई, यातला एकही पोरगा आईला सांगून निघालेला नाही. बघा हं. सत्तावीस घरं आहेत. जगाला हादरवायला निघालेली पोरं, आणि घरात सांगायची हिंमत एकाची नाही. दुधाला जातो म्हणून गेलेत, सिमकार्ड आणायला म्हणून गेलेत."

"म्हणून काय वाटतं तुम्हाला?"

"मला काय वाटायचं. मी मास्तर. खोटं सांगून वर्गाबाहेर गेलेला पोरगा मागच्या भिंतीवर सापडतो, एवढा माझा अनुभव. लवकर गेलं तर सापडतो." ते थांबले. "आणि यांच्या हल्ल्यांत मेलेले मोजलेत शेवटी. निम्म्याहून जास्त माझ्यासारख्याच नावांचे आहेत. हे शेठना सांगा, पाटीवर लिहायला."

नवव्या पुस्तकाची ओवी मी घरी जाऊन केली.

*नवव्या पुस्तकात बाई, आई उभी दारी,*
*न सांगता गेला लेक, ताट राहिलं घरी.*

सोमवारी अकरा वाजता आम्ही ठाण्यात. मी 'संस्थेची प्रतिनिधी' म्हणून, दोन पिशव्यांत बारा पुस्तकं घेऊन. भाजीसारखी. फौजदार रणदिवे तरुण होते, चेहरा दमलेला. बाविस्कर बाजूला कागद घेऊन लिहायला बसले.

"बसा सर. मी स्वतः यातलं काही वाचलेलं नाही, आधीच सांगतो," रणदिवे म्हणाले. "पण विचारणार. या लोकांना पैसा कुठून येतो?"

"तिसऱ्या पुस्तकात बाई..." सरांनी सुरू केलं आणि थांबले.

"कोण बाई?"

"बोलायची पद्धत आहे, साहेब."

बाविस्करांनी कागदावर 'बाई' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मग सर रुळावर आले. खंडणी, अफू, देणग्या, तेल. कोण कोणाला कधी पोसत होतं आणि मग त्याच्याच नावाने कधी ओरडू लागलं. तुरुंगात भुरटे चोर आत जाऊन काय होऊन बाहेर येतात. एकटी पोरं पडद्यासमोर बसून कोणाला भाऊ म्हणू लागतात. टेबलावरची काचेची वजनं, टाचण्यांची डबी, पाण्याचा ग्लास मांडून त्यांनी अख्खा प्रदेश उभा केला. "हा ग्लास म्हणजे खिंड." रणदिवे खुर्ची पुढे ओढून बसले. एकदा तर त्यांनी बोलण्याआधी हात वर केला, आणि लक्षात येताच त्याच हाताने डोकं खाजवलं.

"पाचव्या पुस्तकातला नकाशा चुकलाय. मी पेन्सिलने दुरुस्त केलाय."

"वाचनालयाच्या पुस्तकात लिहिलंत?"

"तेवढा गुन्हा कबूल."

बाविस्कर हसले. रणदिवेही. मला वाटलं, सुटलो.

"सर, मला एवढं वाचायला वेळ नाही. यातलं एकच वाचायचं तर कुठलं?"

"नववं. बारीक आहे. पण ड्यूटीवर वाचू नका, घरी जावंसं वाटतं."

रणदिव्यांनी ते पुस्तक बाजूला काढून ठेवलं. मग फाइल ओढली, पेनाचं टोपण काढलं. आणि तसेच थांबले.

"एकच राहिलं, सर. रागवू नका. तुम्ही भूगोलाचे. वहीत मागची दोन वर्षं पाहिली मी, सगळ्या रहस्यकथा. आणि मुंबईच्या हल्ल्यानंतर एकदम बारा पुस्तकं, आठवड्याला दोन. का?"

सरांनी टाचण्यांची डबी सरळ केली.

"माझ्या वरही साहेब आहेत. ते हेच विचारणार. आणि जायचंय कुठे, तर आखातात."

"वाचायची आवड," सर म्हणाले.

"आवड अशी एका रात्रीत लागत नाही. दुसरं काही कारण?"

सर समोरच्या ग्लासाकडे बघत होते. त्यांनी जी खिंड करून ठेवली होती तिच्याकडे. रणदिव्यांनी उसासा टाकला. "मग मला प्रतिकूल लिहावं लागेल. माझाही इलाज नाही." पेन कागदाला लागलं. मी ते टोक पाहत होते. प्रतिकूलमधला 'प्र' उमटला.

"त्यांनी एकही पुस्तक घरी नेलेलं नाही, साहेब."

हे मी बोलले. गिळलेलं वाक्य सहा दिवसांनी बाहेर आलं, आणि त्याच्यामागे बाकीची ओळीने आली. तपासणी, 'ब' वर्ग, चालती दाखवणं, एका दुपारी घातलेले बारा आकडे. "नोंदी माझ्या आहेत. माझ्या हाताच्या. त्यांना काही माहीत नव्हतं."

रणदिव्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे, मग टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीकडे, जी अजूनही एक देश होती.

"ताई, तुम्ही भल्या आहात. सरांना वाचवायला बघताय. पण तासभर हा माणूस मला पानांचे नंबर सांगतोय आणि तुम्ही म्हणता वाचलंच नाही?"

"ते आत्ता वाचलंय. बुधवारपासून."

"बारा पुस्तकं? चार दिवसांत?"

"ओव्या करून," मी म्हणाले, आणि माझं मलाच ते किती वेडगळ वाटलं. बाविस्करांनी पेन खाली ठेवलं. खरं बोलायला मी इतका उशीर केला होता, की आता ते कोणाच्या उपयोगाचं राहिलं नव्हतं.

तेव्हा सरांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला. घडी घातलेला कागद काढला, टेबलावर सरळ केला आणि रणदिव्यांपुढे सरकवला. धुळ्याच्या एका नेत्र रुग्णालयाचा कागद होता. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, सोळा फेब्रुवारी. खाली डॉक्टरांच्या हाताने: पंधरा दिवस वाचन पूर्ण बंद. ते पंधरा दिवस सर बहिणीकडे, धुळ्याला होते. रणदिव्यांनी वही ओढली. सतरा फेब्रुवारी, दोनशे सात. वीस फेब्रुवारी, दोनशे सात. चोवीस, सत्तावीस. मार्चात बसून फेब्रुवारी लिहिणाऱ्याला कोण गावात होतं आणि कोण नव्हतं, हे आठवत नाही.

त्यांना तो कागद वाचायला लागला तेवढ्या वेळात पुढचं सांगून टाकते. वाचनालयाचा 'क' झाला. शेठनी मला जूनमध्ये खरोखर कायमचं मोकळं केलं, शब्दाचे पक्के निघाले. मी पुढे अमळनेरला एका शाळेत लागले, तिथे आजतागायत दुसरीला शिकवते. सर मस्कतला पोचले तेव्हा नात तीन दिवसांची होती. बाकावर बसायचं हुकलं, पण बाकीचं काही हुकलं नाही.

हे सगळं नंतरचं. त्या वेळी आम्ही अजून ठाण्यातच होतो. रणदिव्यांनी कागदाची घडी पुन्हा घातली, तशीच, मूळच्या रेषांवरून.

"सर, हा तुमच्याजवळ केव्हापासून आहे?"

"तुम्ही पहिल्यांदा बोलावलंत, त्या सकाळपासून."

"मग तेव्हाच का नाही काढलात? दोन मिनिटांत सुटला असता. ही बारा पुस्तकं, हा सगळा..." त्यांनी टेबलावरच्या खिंडीकडे हात केला.

सर माझ्याकडे वळले. रागाने नाही. उत्तर चुकलेल्या पोराकडे, त्याला येतंय हे माहीत असल्यावर, बघतात तसे.

"बाई आपणहून सांगतील असं वाटत होतं," ते म्हणाले. "म्हटलं, तोपर्यंत वाचू."